दार मी उघडले नव्हते

मी एक जुने लाकडी कपाट आहे. मित्रांनो, घाबरू नका. घाबरायचे काम सध्या मी करत आहे.

एका सुताराने मला मन लावून घडवले. वीस वर्षे मी चादरी, आधी दादा-ताईचे, मग धाकटीचे कपडे आणि जोडी हरवलेले मोजे प्रामाणिकपणे सांभाळले. आई पाहुण्यांना सांगायची, "घरात सगळे कुरकुरतात, हे कपाट तेवढं नाही."

मग दादाने सिनेमा काढला. त्याने कॅमेरा फरशीवर ठेवून माझ्यावर रोखला, त्यामुळे मी छताला टेकल्यासारखे दिसू लागले. ताईने संकलन केले. आधी मी, मग धाकटीचा भेदरलेला चेहरा, मग पुन्हा मी, जरा जवळून. खरे तर धाकटी तेव्हा खोकल्याच्या औषधाचा चमचा पाहत होती. सोबत जोडलेली कर्रकर्रही आजोबांच्या खुर्चीची होती. शेवटी माझे दार आपोआप उघडते. आत अंधार. समाप्त.

माझ्याच पोटातली चादर माझ्यासमोर टांगून सर्वांनी सिनेमा पाहिला. मला पाहून मलाच घाम फुटला.

धाकटी माझ्याजवळ येईना. तीन दिवस ती एकाच गणवेशात शाळेत गेली. आई म्हणाली, "पोर धसका घेऊन बसलीये. रविवारी भंगारवाल्याला बोलवा. तो फोडून नेतो." फोडून!

शनिवारी ताईने धाकटीला संगणकासमोर बसवले. माझ्या जागी चमचा जोडला आणि कर्रकर्र काढून टाकली. चमचा, चेहरा, चमचा. धाकटी खो खो हसली.

"ताई, अगं चेहरा तोच आहे!"

"तोच. तुझ्या चेहऱ्याला मी हातही लावला नाही."

धाकटी उठली, तिने मला उघडून फ्रॉक घेतला आणि माझ्या दारावर प्रेमाने एक थापही दिली. आई म्हणाली, "राहू दे मग." मी वाचले.

तेवढ्यात ताईने विचारले, "दादा, शेवटी दार दोरीनं ओढलंस ना?"

"मी? मी कॅमेऱ्यामागे होतो. मला वाटलं, तू ओढलंस."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले.

मित्रांनो, बिजागरी सैल झाली असेल. मला तसेच समजू द्या. तुमच्या घरातल्या जुन्या कपाटांना घाबरू नका, त्यांना भंगारात काढू नका. त्यांचे स्क्रू आवळा, बिजागऱ्यांना तेल घाला. आणि अधूनमधून आतला मागचा कोपराही पाहत जा. आम्हाला स्वतःला तिकडे पाहता येत नाही.