मागच्या दारावरचा कॅमेरा

रात्री कॅमेऱ्यात काही दिसत नाही, नुसतं पांढरं धुकं येतं, अशी तक्रार आली की नेटी बिलिन्स्की निम्मं निदान फोनवरच करून मोकळी व्हायची. एक तर कोळ्याचं जाळं असायचं, नाही तर कुणी कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवलेला असायचा आणि त्याचाच उजेड काचेवर आपटून त्याच्याच डोळ्यात जायचा. मॅनिटोबाच्या त्या टापूत एकोणीस वर्षं ती हेच काम करत होती. पण जानेवारीत कोळी नसतात, आणि मॅरिएट फ्लेटचा कॅमेरा मागच्या दारावर, बाहेरच्या बाजूला होता. म्हणून नेटीने गाडी काढली.

मॅरिएट चाळिशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. समोरचा बोलू लागला की ती डावा कान पुढे करायची. उजव्या कानाचा पडदा नवऱ्याने, ड्वेन प्रोसिकने, एका थपडेत फाडला होता. घटस्फोटाला वर्ष झालं होतं. ड्वेनने या घराकडे फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता, तो फ्रिजवर चिकटवलेला होता.

"दिवसा दिसतं हो, जरा अंधुक," मॅरिएट म्हणाली. "काळोख पडला की मात्र सगळं दुधासारखं. चार दिवस झाले."

"कुणी हात लावला होता?"

"कोण लावणार? माझ्याकडे शिडीसुद्धा नाही."

नेटी आपली शिडी टेकवून वर चढली. हातमोजा काढून तिने कॅमेऱ्याच्या काचेवर बोट फिरवलं. बोट चिकट झालं. ग्रीस होतं, अगदी पातळ थर. दिवसा नजरेला येऊ नये इतपत, आणि रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की उजेड त्या थरात फाकून सगळं पांढरं व्हावं इतपत. तिने खाली पाहिलं. तिच्या शिडीशेजारी बर्फात आणखी दोन चौकोनी खड्डे होते. कडा गोठून दगड झालेल्या.

खाली उतरून तिने बोट मॅरिएटसमोर धरलं. मॅरिएट आत जाऊन खुर्चीवर बसली.

"पोलिसांना फोन लाव, पोरी. आत्ता."

फोन लागला. हायवेवर ट्रक उलटलाय, तासाभरात माणूस पाठवतो, असं उत्तर मिळालं.

"तुम्ही जा," मॅरिएट म्हणाली. "तुम्हाला कशाला यात?"

"काम अर्धं टाकून जायची सवय नाही मला," नेटी म्हणाली. खरं तर तिला भीती वाटत होती. पण पोरीला एकटीला सोडून गाडीत बसायची त्याहून जास्त लाज वाटत होती.

तिने स्पिरिटने काच पुसली. साडेचारला सूर्य बुडाला, पाच वाजता बाहेर पुरता काळोख. चित्र लख्ख आलं, फक्त वरच्या पांढऱ्या पन्हाळीवर उजेड आपटून एक पट्टा चमकत होता. कॅमेरा थोडा खाली वळवायला हवा होता. नेटी पुन्हा चढली. मॅरिएट स्वयंपाकघरात फोनवर चित्र बघत होती आणि दाराच्या फटीतून सांगत होती.

"अजून थोडा खाली. हं, गेला पट्टा! अंगण सगळं दिसतंय, कुंपणसुद्धा..." तिचा आवाज तुटला. "नेटी, कुंपणापाशी कुणीतरी आहे."

नेटीने मान वळवली तेव्हा तो धावत सुटलाच होता. मागच्या गोठलेल्या नदीवरून चालत आला होता, घरापुढे उभी असलेली नेटीची गाडी त्याने पाहिलीच नव्हती. कॅमेरा आंधळा आहे या भरवशावर आला होता, आणि इथे कुणी तरी त्याचा डोळा पुसत होतं. त्याने शिडीला लाथ घातली. नेटी डाव्या खांद्यावर आपटली, गळ्याखालचं हाड काडकन मोडल्याचं तिला ऐकू आलं. उठायच्या आत त्याने चाकाचे नट खोलायचा लांब पाना तिच्या गुडघ्यावर घातला.

"म्हातारडे, तुला कुणी बोलावलं होतं?" एवढं बोलून ड्वेन दाराकडे वळला.

दार आतूनच उघडलं. मॅरिएटच्या हातात पायऱ्यांवरचा बर्फ फोडायची पहार होती.

"आत जा, मॅरी," तो हसत म्हणाला. "ते खाली ठेव. तुझ्याच्याने व्हायचं नाही."

पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला. पाना उडाला. दुसऱ्या फटक्याला त्याने डाव्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. तिचे दात ओठातून आरपार गेले. ती सुटली कशी हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिसरा फटका त्याच्या कानशिलावर बसला आणि तो गुडघ्यांवर आला. चौथ्याला पालथा पडला.

मॅरिएट थांबली नाही. पाचवा. सहावा. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. लाकूड फोडणारा माणूस जसा श्वास टाकतो तसा श्वास टाकत होती.

तिचा पाय नेटीच्या उजव्या हाताशी होता. तो हात धड होता. मॅरिएटने एकदा खाली पाहिलं, दोघींची नजरानजर झाली. सातवा फटका पडला, आठवा पडला, तेव्हा कुठे नेटीने तिचा घोटा धरला.

"बस्स! मरेल तो!"

पहार बर्फात पडली. ड्वेनच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, म्हणजे श्वास चालू होता. नेटीने मॅरिएटला आपली शाल त्याच्या डोक्याखाली कोंबायला लावली. मग हळूच म्हणाली, "सगळं टिपलं गेलंय. स्वच्छ. तो पडल्यानंतरचं मी पुसू शकते. पोलीस यायच्या आत."

मॅरिएटने बर्फाचा खडा ओठावर धरला होता. "नको."

"अगं, तुला आत टाकतील."

"टाकू देत. अकरा वर्षं चार भिंतींत मार खाल्ला, एकानेही पाहिला नाही. आता दिसलंय तर पुरतं दिसू दे."

ड्वेन वाचला. त्याचा डावा डोळा गेला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. मॅरिएटवरही खटला भरला गेला. नेटी कुबडी घेऊन साक्षीला उभी राहिली. सरकारी वकिलाने ते चित्र भिंतीवर दाखवलं आणि विचारलं, "चौथ्या फटक्यानंतर तो हलत नव्हता ना?"

"नव्हता."

"मग तुम्ही तिला आधी का नाही आवरलं?"

"माझं हाड मोडलं होतं," नेटी म्हणाली. ते खोटं नव्हतं. ज्युरीने तासाभरातच मॅरिएटला सोडून दिलं.

बाहेर पार्किंगमध्ये मॅरिएट गाडीची काच खरवडत होती. नेटी कुबडी टेकत जवळ जाऊन उभी राहिली.

"मी आत खरं ते पुरतं बोलले नाही," ती म्हणाली. "माझा उजवा हात धड होता. दोन फटके आधी धरू शकले असते मी तुला."

मॅरिएट खरवडायची थांबली नाही.

"ठाऊक आहे मला. मी पाहिलं होतं ना तुझ्याकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही," मॅरिएट म्हणाली आणि पलीकडचं दार उघडलं. "बस आत. त्या पायाने बसने जाणार आहेस का?"