गाळलेले पहिले वर्ष

मी एक जुने गणित आहे. मित्रांनो, तोंडे वाकडी करू नका. मी तुमच्या वहीतले नव्हे. मधुमेह झालेल्या माणसाला पुढे कर्करोगाचा धोका किती, हे मी सांगते. वय, वजन, रक्तातली साखर माझ्यात घाला, की उत्तर तयार.

माझे पहिले वर्ष

(गाळले आहे.)

इस्पितळाच्या मागच्या खोलीत मला आकडेवारी सांभाळणाऱ्या आकडेताईंनी घडवले. मधुमेह कळल्यावर वर्षाच्या आत ज्यांना कर्करोग निघाला, ते रुग्ण त्यांनी वगळले. म्हणाल्या, "त्यांचा रोग आधीचाच असेल, त्यानेच साखर वाढवली असेल. मला मधुमेहानंतर काय होतं ते बघायचंय." तेवढ्या प्रश्नापुरते ते बरोबरच होते.

पण इस्पितळाच्या मोठ्या सरांनी मला उचलून थेट तपासणीच्या खोलीत बसवले.

"सर, नव्या रुग्णांना हे लावू नका," ताई म्हणाल्या. " त्यांचं पहिलं वर्ष यात नाहीच."

"झालं, शिंकली माशी! अहो, आलेखाची रेघ बघा कशी लोण्यासारखी उतरलीय." सरांनी बिस्किटातले क्रीम चाटले आणि तेच बोट माझ्या पडद्यावर फिरवले.

शी! त्या चिकट डागासकट माझा सत्कार झाला. टाळ्या, हार, फोटो. मी दिवसभर 'धोका कमी'चा हिरवा दिवा दाखवत राहिले. डबक्यावरच्या शेवाळासारखा हिरवा. मला माझीच शिसारी येई.

एके सकाळी आकडेताईंचे बाबा आले. साखर नुकतीच निघालेली, पँट कमरेवर ठरत नव्हती. सरांनी आकडे घातले. वजन घटलेले, म्हणून मी धोकाही घटवला. हिरवा!

"वा काका, वजन छान उतरवलंत!"

"मी कुठलं उतरवतोय? अन्नच जात नाही."

"दिवा हिरवा आहे ना? मग निघा निवांत."

ताई दारातूनच ओरडल्या, "बाबा, बसा तिथंच! सर, पोटाचं स्कॅन लिहून द्या."

"गणित तुमचंच ना?"

"माझंच. म्हणूनच लिहा म्हणते."

सरांनी नाक मुरडत लिहिले. पोटात गाठ निघाली.

"एखादा अपवाद असतोच," सर म्हणाले, आणि पडद्यावरचे क्रीम बाहीने पुसले.

ताईंनी त्याच दिवशी मला बंद केले. हिरव्या दिव्याने घरी पाठवलेल्या एकेका माणसाला त्या आता फोन करून परत बोलावतात.

मित्रांनो, गणित सांभाळायचे म्हणजे नुसते पुसून ठेवायचे नव्हे. त्यातून कोणाला वगळले, हे आधी विचारा.

बाबांची गाठ वेळेत सापडली का? मला विचारू नका. ते वर्ष माझ्यात नाही.