पेंढ्याची गादी

"अगं, ह्यात भरलंयस काय?" चिमणाबाईंनी भावाच्या गादीवर हात दाबला आणि आत करकर वाजलं. "पेंढा? बाळाबाई, पेंढा घातलास व्हय माझ्या भावाखाली?"

बाळाबाईच्या हातातला चहा बशीत सांडला. कागलहून वडापच्या जीपनं आलेल्या नणंदेनं अजून पायसुद्धा धुतले नव्हते, आणि हात घातला तो नेमका तिथंच.

"वन्सं, भिजतंय वो सारखं," ती म्हणाली. "कापसाचा एकदा गोळा झाला की लवकर वाळत न्हाय. पेंढा कसा, खराब झाला की काढायचा, दुसरा भरायचा. वासबी ऱ्हात न्हाय."

"व्यायला झालेल्या म्हशीखाली घालत्यात पेंढा!" चिमणाबाई कडाडल्या. "काथ्या घालायचा हुतास. आणि सावर कुठं गेली? पोतंभर सावरीचा कापूस हुता की ह्या घरात!"

होता. माळ्यावर होता. तिच्या नवऱ्यानं, आकारामनं स्वतः जमवलेला. दरवर्षी चैत्रात जोतिबाची यात्रा करून डोंगर उतरताना तो सावरीच्या झाडाखाली थांबायचा, फुटलेली बोंडं टॉवेलात बांधून आणायचा. मग सोप्यात बसून बिया वेगळ्या करायचा. तंतू नाकात जायचे, घरादाराला शिंका यायच्या, बाळाबाई ओरडायची. आणि सत्त्याण्णव साली, पन्नाशीच्या आतच, त्याच्या अंगावरून वारं गेलं.

भिजतं हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. त्याला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती पोतं उतरवायला शिडी चढली होती. पोत्याला हात लावला आणि मनात आलं, माणूस गेला की त्याची गादी स्मशानात टाकून येतात. एवढी चांगली सावर मसणात घालवायची? त्यापेक्षा लेकीच्या, क्रांतीच्या बाळंतपणाला होईल. आणि ती मोकळ्या हातानं खाली उतरली. नवरा जिवंत असताना आपण त्याच्या मरणाचा विचार करून बसलो! त्या दिवसापासून त्याची कूस बदलताना ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

"बोल की! दातखीळ बसली व्हय?"

"अक्का," आकाराम म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. "तिला बोलू नगंस. मीच म्हटलं, पेंढा घाल."

बाळाबाईनं चमकून बघितलं. असं तो कधीच म्हणाला नव्हता.

"तू? का रं बाबा?"

"मी गेल्यावर गादी टाकूनच देणार तुम्ही. चांगली सावर कशाला वाया घालवायची? क्रांतीला हुईल."

"असलं अभद्र बोलू नगंस," म्हणून चिमणाबाईंनी डोळ्याला पदर लावला. बाळाबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे ती शिडीवरून रिकामी उतरली ते त्यानं बघितलं होतं. ओळखलं होतं. आणि इतके दिवस पेंढ्यावर गप पडून होता. टोचतं म्हणून एकदासुद्धा बोलला नव्हता.

चहा पिऊन चिमणाबाई शेजारी भेटायला गेल्या, तशी बाळाबाईनं शिडी लावली. पोतं खाली ढकललं. काखेत हात घालून आकारामला चटईवर घेतलं, गादीची शिवण उसवली, पेंढा परसात नेऊन टाकला आणि मुठीमुठीनं सावर भरायला लागली. घरभर तंतू उडाले.

"अगं, काय करतीस? वाया जाईल की!"

"जाऊ दे."

"भिजंल."

"भिजू दे. वाळवीन मी. न्हाय वाळली तर टाकीन. तुम्ही गप ऱ्हावा." आणि तिला एकदम रडू फुटलं. "चुकलं माझं. लई चुकलं वो."

तिनं शिवण घातली, चादर अंथरली, त्याला उचलून वर घेतलं. चांगल्या हातानं कॉटची कड धरून तो हळूहळू भिंतीकडं सरकला.

"ये. नीज जरा."

"भर दुपारी? वन्सं येतील की."

"येऊ देत."

डोळे पुसून बाळाबाई कडेला आडवी झाली. गादी दोघांच्या वजनानं खाली बसली.