बाबांच्या टेबलावरचा मग

मित्रांनो, मी फुलदाणी नाही. एका दिवसापुरता मला तसा मान मिळाला, पण मी मुळात पाणी प्यायचा मग आहे. जुना, जाड काचेचा, कानाच्या बुडाशी टवका उडालेला.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवून आम्हाला साच्यात ओततात आणि नंतर हळूहळू गार करतात. घाईने गार केलेली काच बाहेरून छान दिसते, पण तिच्या आत ताण राहतो आणि एखाद्या दिवशी ती उगाचच तडकते. मला सावकाश गार केलं होतं, म्हणून मी टिकलो.

मला एका घड्याळजीने विकत घेतलं. त्याची लेक त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो. कामाच्या मेजावर त्यांच्या डाव्या हाताला माझी जागा होती. डोळ्याला भिंग लावलेलं असायचं, चिमट्यात केसाएवढा स्क्रू असायचा, आणि नजर न हलवता डावा हात माझ्याकडे यायचा. एकदा लहान हातोडी निसटली आणि माझा टवका उडाला. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि हसून म्हणाले, "बरं झालं. आता तू गर्दीतही ओळखू येशील."

पुढे त्यांच्या डोळ्यांतला दाब वाढला. अशी दृष्टी कडेकडून जाते; माणसाला वाटतं सगळं दिसतंय, आणि खांदा दाराला आपटतो. कळलं तोवर उशीर झाला होता. दुकान बंद झालं आणि मी घरी आलो. शेवटी त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. हे लेकीला आणि आत्याला, म्हणजे बाबांच्या बहिणीला, ठाऊक होतं. बाकी कुणाला कळू नये याची बाबा फार काळजी घेत.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "त्या दिवशी मला कुणी हाताला धरायचं नाही."

"कळलं त्यांना तर काय होईल, बाबा?" लेक म्हणाली.

"सगळे कीव करतील. तुझ्या लग्नात मला कीव नकोय. मला यजमान व्हायचंय."

लेकीने मान्य केलं. तिलाही कीव नकोच होती. पैसे थोडे होते, पण लग्न थाटात दिसलं पाहिजे, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. ओळखीने वाचनालयाचा हॉल मिळाला. तिथली वाचायची लांब टेबलं तिने जेवणासाठी मांडली. जुन्या चादरी चहाच्या पाण्यात उकळून बदामी रंगाच्या केल्या आणि त्यांच्या पट्ट्या टेबलांवर मधोमध अंथरल्या. दुकानातली बंद पडलेली घड्याळं बाहेर काढली. पहिल्या टेबलावरच्या घड्याळात एक वाजलेला, दुसऱ्यावर दोन; तेच टेबलांचे क्रमांक. काटे बाबांनीच बोटांनी चाचपून लावले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातात घड्याळ आलं होतं.

राहिली फुलं. ती लेकीने रस्त्याच्या कडेची तोडून आणली, पांढरी आणि गुलाबी.

"कण्हेर?" आत्या ओरडली. "अगं, विषारी असते ती! शेळीसुद्धा तोंड लावत नाही."

"म्हणून तर शिल्लक राहिली, आत्या. टेबलावर ठेवायचीय, ताटात वाढायची नाहीये."

आत्याला हसू आवरलं नाही. दोघींनी शेजारपाजारच्या रिकाम्या बरण्या गोळा केल्या, घासल्या, पाणी भरलं, फांद्या खोचल्या. लग्नाच्या सकाळी पाहिलं तर एक बरणी कमी. लेक स्वयंपाकघरात आली, तिची नजर फळीवर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"बाबांच्या टेबलावर बाबांचाच मग," ती म्हणाली. हे तिने बाबांना सांगितलं नाही. नंतर गंमत म्हणून सांगणार होती.

मित्रांनो, मी खरोखर सुंदर दिसत होतो. येणारा प्रत्येक जण टेबलांकडे पाहून थबकायचा. मुलाकडची एक बाई म्हणाली, "केवढा खर्च केलाय!" तेव्हा आत्याने तोंडावर रुमाल धरला. बाबा दारातून आपल्या खुर्चीपर्यंत एकटे चालत आले. आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी त्याचा सराव केला होता. ते ताठ बसले आणि आवाजावरून ओळखून प्रत्येकाशी बोलले. कुणालाही संशय आला नाही.

फांद्यांचे कापलेले देठ सकाळपासून माझ्यात बुडालेले होते. त्यांचा रस पाण्यात उतरत होता. पाण्याचा रंग बदलला नाही. चांगलं पाणी आणि विषारी पाणी माझ्यातून सारखंच दिसतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

फोटो काढायची वेळ झाली. फोटोग्राफर म्हणाला, "नवरीच्या केसांत थोडी फुलं हवीत." जवळचं टेबल आमचंच. आत्याने माझ्यातल्या फांद्या उपसल्या आणि ती घाईने निघून गेली. सगळे बाहेर अंगणात गेले; बाबा तेवढे खुर्चीतच राहिले, ती वाट त्यांच्या सरावातली नव्हती. मी नुसत्या पाण्याने भरलेला उरलो.

बोलून बोलून बाबांचा घसा सुकला होता. डावा हात सवयीने टेबलावर सरकला आणि माझ्या कानाला लागला. अंगठा टवक्यावर थांबला. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी तो विसरू शकत नाही. "आठवणीने आणलास होय गं," ते पुटपुटले.

पहिला घोट कडू लागला. ते थांबले. तेवढ्यात शेजारी पावलं वाजली आणि व्याह्यांचा आवाज आला, "काय, एकटेच बसलात?" यात काय आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण पुढ्यातला मग ज्याला दिसतो, तो असं विचारत नाही. बाबा हसले, "घसा ओला करतोय," म्हणाले आणि मला रिकामा करून खाली ठेवलं.

थोड्या वेळाने त्यांना मळमळू लागलं. कुणी लिंबूपाणी दिलं, कुणी वारा घातला. आत्या म्हणाली, "पोर सासरी चालली की बापाचं असंच होतं." मग उलट्या झाल्या. नाडी मंद झाली आणि अडखळू लागली. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं. जावई त्यांना गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेला. काय खाल्लं, असं तिथे विचारल्यावर त्याने जेवणातले पदार्थ सांगितले. खरं उत्तर टेबलावर होतं, आणि मला वाचा नव्हती.

मागे राहिलेली लेक पिशवी घ्यायला टेबलापाशी आली. तिने मला पाहिलं.

"आत्या, या मगातली फुलं कुठे गेली?"

"तुझ्या केसांत आहेत की."

"आणि पाणी?"

आत्याने बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. लेक केसांतली फुलं ओरबाडत रस्त्याकडे धावली.

डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण बाबा दुसऱ्या दिवशी गेले.

त्यानंतर एकदा लेक आमच्या स्वयंपाकघरात बसून आत्याला सांगत होती. इस्पितळात शेवटी शेवटी नर्सने बाबांच्या ओठांशी पेला धरला, तेव्हा त्यांनी तोंड मागे घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मला दिसत नाही, बाई. यात काय आहे?" नर्स म्हणाली, "पाणी आहे, आजोबा. नुसतं पाणी." मग ते प्यायले.

"इतकं सोपं होतं गं," लेक म्हणाली. आत्या रडत राहिली.

आता मी फळीवर पालथा असतो. लेकीला मला फोडवत नाही आणि वापरवतही नाही. कधी ती आली की डोळे मिटून माझ्या टवक्यावर अंगठा ठेवते आणि तशीच उभी राहते.

मित्रांनो, ज्यातून माणूस पाणी पितो, त्यात दुसरं काहीही भरू नका. शोभेसाठीही नाही, एका दिवसासाठीही नाही. आणि तुमच्या घरात कुणाला कमी दिसत असेल, तर हातात पेला देताना त्यात काय आहे ते आपणहून सांगा. त्यांना विचारावं लागेल, याची वाट पाहू नका.