म्हाळसा नसलेला घोडेस्वार

मित्रांनो, पंचवटीतल्या बयाबाईंच्या देव्हाऱ्यात मला वीर म्हणतात. जिथं माझा जन्म झाला, तिथं मला चिप म्हणत. बटाट्याची नव्हे बरं का. जुगाराच्या टेबलावर पैशांच्या जागी लावतात ती गोल चकती. हे ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तरी माझी तक्रार नाही. पण घटकाभर बसा. कीर्तनातसुद्धा बुवा उभे राहिले की लोक आधी सतरंजीवर जागा शोधत असतात, आणि कथा रंगली की पाय अवघडल्याचंही विसरतात. माझी कथा तशी रंगेल की नाही सांगता येत नाही. पण ती खरी आहे, आणि तिचं नवल मला स्वतःला अजून वाटतं.

समुद्रापलीकडच्या एका बंदरात, एका कारखान्यात मी घडलो. चिकणमाती, खडूची भुकटी आणि निळा रंग एकत्र मळून, तापलेल्या साच्यात मला दाबलं. कडेवर सहा केशरी ठिपके भरले आणि मधोमध पितळेचं चित्र बसवलं. घोड्यावर बसलेला स्वार, हातात उगारलेली तलवार, घोड्याच्या पायाशी धावणारा कुत्रा. त्या बंदराची ती जुनी निशाणी होती. कुणी शिकारी सरदार असावा.

माझ्या पाठीवर आकडा होता, आणि माझं सगळं नशीब त्या आकड्यात होतं. रात्रंदिवस मी या हातातून त्या हातात जाई. घामेजलेले हात, थरथरणारे हात, अंगठ्यांनी भरलेले हात. जिंकणारा मला कुरवाळी आणि हरणारा टेबलावर आपटी. पण एवढ्या वर्षांत घोडेस्वाराकडे कुणी डोळे भरून पाहिलं नाही. सगळे आकडाच पाहत. माझी किंमत सगळ्यांना ठाऊक होती. माझा चेहरा कुणालाच नाही.

मग एका पहाटे एक जहाज बंदरात लागलं. त्याचा एक अधिकारी आमच्या अड्ड्यावर जिंकला आणि मला खिशात टाकून परत गेला. भुकेला होता. जहाजाच्या स्वयंपाकघरात एक नाशिककर खलाशी काम करी, सावळीराम त्याचं नाव. त्यानं गरम वरणभात वाढला. अधिकारी पोटभर जेवला आणि खूश होऊन मला बक्षीस म्हणून त्याच्या हातावर ठेवून गेला.

सावळीरामनं मला दिव्याजवळ नेलं. आकड्याची बाजू खाली, स्वाराची बाजू वर. घोडा पाहिला, तलवार पाहिली, कुत्रा पाहिला. आणि मित्रांनो, त्यानं मला कपाळाला लावलं.

“मल्हारी,” तो हळूच म्हणाला, “एवढ्या लांब आलास होय रे माझ्यासाठी?”

खंडोबा घोड्यावर असतो, हातात खड्ग असतं, सोबत कुत्रा असतो. खेड्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण मला काय ठाऊक? माझ्या अंगावरून हजारो बोटं फिरली होती, कपाळ मात्र पहिलंच. सोबतचे खलाशी हसले. अरे येड्या, किनाऱ्यावरच्या अड्ड्याच्या खिडकीत दे, दोन महिन्यांचा पगार रोख मिळेल, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. सावळीरामनं मला स्वच्छ रुमालात बांधलं आणि पेटीत ठेवलं. जहाज सुटलं. तो त्या खिडकीकडे फिरकलाही नाही.

अकराव्या दिवशी वादळ आलं. भांडी बांधायला तो वर गेला आणि लाटेनं त्याला नेलं. देह मिळाला नाही. चार महिन्यांनी त्याची पेटी तेवढी पंचवटीत आली.

त्याची बायको बयाबाई तेव्हा एकवीस वर्षांची होती. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावर फुलांचे हार करून विकायची. पदरी महिन्याची मुलगी, कला. पेटीत दोन सदरे, एक चाकू आणि रुमालात मी.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडे देवांचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे धातूच्या पत्र्यावर उठवलेले छोटे टाक देव्हाऱ्यात ठेवतात. जो अकाली गेला त्याचा टाक म्हणजे वीर. शेजारणी मला बघून म्हणाल्या, हा तर खंडोबा. बयाबाईंनी मला उजेडात धरलं आणि मान हलवली.

“खंडोबाच्या घोड्यावर मागं म्हाळसा बसलेली असती,” त्या म्हणाल्या. “हा एकलाच गेलाय. हा आमच्या घरचा वीर हाय.”

त्या दिवसापासून मी सावळीराम झालो. रोज एक फूल, सणाला हळद, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं पितळ. आणि धुळवडीला तर काय सांगू. नाशिकला त्या दिवशी घरोघरचे वीर गंगेवर नेतात. खोबऱ्याच्या वाटीत मला ठेवायचे, लाल फडक्यात धरायचे, पुढं हलगी, आणि नाचत नाचत रामकुंडावर. मला नाचवायला घरात पुरुष नव्हता. कला जरा मोठी झाली तशी बयाबाईंनी वाटी तिच्या हातात दिली. लोक कुजबुजले, तेव्हा त्या म्हणाल्या, बाप तिचा हाय, नाचवंल तीच. पंचेचाळीसवर धुळवडी मी त्या लेकीच्या हातून नाचलो. जुगाराच्या टेबलावरून उठलेला मी, गंगेत न्हालो. कोणत्या पुण्याईनं, ते मला कोण सांगणार?

पण माझं अंग मातीचं. प्रत्येक स्नानाला थोडा निळा रंग पाण्याबरोबर जाई. कड खरबरीत झाली. पितळी स्वार मधून हलू लागला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. भक्तीनं केलेल्या कामात कुणी खोट काढत नाही.

आता रावजी तात्यांबद्दल सांगतो. मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी कीर्तनाला हजर. आणि छंद काय, तर जुन्या जुगारघरांच्या चिपा गोळा करणं. आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही त्यांनी. एकदा पार्सलच्या खिडकीवर कुणी नाण्यांत अशी चकती खपवली, ती परत देता आली नाही, आणि तिथून नाद लागला. मालेगावचे भंगारवाले, जहाजांचं जुनं सामान विकणारे, निवृत्त खलाशांची घरं, सगळीकडे त्यांच्या फेऱ्या. मोबाईलवर परदेशातल्या संग्राहकांशी पत्रव्यवहार. त्यांची बायको वत्सलाबाई म्हणायच्या, “लोक म्हातारपणी जपमाळ धरतात, आमच्या घरी जुगाराचे ठोकळे धरतात.” तात्या हसून चकत्या पुसत बसत.

त्या सगळ्यांत एकाच चकतीनं त्यांची झोप उडवली होती, आणि ती चकती म्हणजे मी. माझा अड्डा कधीच बंद पडला होता. उरलेल्या माझ्या सगळ्या भावंडांना काँक्रीटमध्ये गाडून त्यावर इमारत बांधली होती. संग्राहकांकडे होता तो फक्त कारखान्याचा कागद, त्यावर घोडेस्वाराचं रेखाचित्र. जगात एकही शिल्लक नाही, असं जाणकार म्हणत. तात्या एकोणीस वर्षं म्हणत होते, एक तरी असेल.

यंदाच्या धुळवडीला ते घाटावर होते. कलाबाई वाटी उंच धरून नाचत पुढं आल्या, आणि तात्यांनी मला पाहिलं. हलगी कडाडत होती, रंग उडत होता, आणि तो माणूस खांबासारखा उभा. माझ्या कडेचे केशरी ठिपके त्यांनी मोजले असावेत. ओठ हलताना मला दिसले. मग त्यांनी हात जोडले. देवाला जोडले की मला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते दर्शनाच्या निमित्तानं घरी आले. बयाबाईंनी चहा दिला, समुद्रात गेलेल्या नवऱ्याची सगळी कहाणी सांगितली. तात्यांनी ऐकली. खरं काही न सांगताच उठले. परत आले ते आठवड्यानं, सराफ बाजारात घडवलेला नवा चांदीचा टाक घेऊन. तसाच घोडा, तसाच स्वार, मागं म्हाळसा नाही. जुना टाक झिजलाय मावशी, पाण्यानं विरघळेल, हा चांदीचा पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असं ते म्हणाले. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. आणि तरी बोलताना त्यांची नजर चहाच्या कपात होती.

बयाबाईंचे डोळे भरून आले. परका माणूस आपल्या वीरासाठी एवढं करतो. त्यांनी चांदीचा टाक देव्हाऱ्यात ठेवला. तात्यांनी जरा खाकरून हात पुढं केला आणि हा जुना टाक मी घेऊन जातो, असं म्हणाले.

“तुम्ही कशाला न्याल भाऊ?” बयाबाई म्हणाल्या. “जुना टाक गंगेत सोडायचा असतो. कुणाला देत नसत्यात. कला, चप्पल घाल.”

मित्रांनो, तात्यांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला आहे. एवढी देवधर्म जाणणारी माळकरी असामी, पण ही रीत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांच्याच युक्तीनं मला गंगेच्या वाटेला लावलं होतं.

आम्ही चौघं घाटावर निघालो. मी बयाबाईंच्या मुठीत. तात्या मागून चालत होते. बोलावं तर या बाईच्या पन्नास वर्षांच्या पूजेवर पाणी पडणार. न बोलावं तर जगातली शेवटची चकती चिखलात विरघळणार. नाणी शोधायला पाण्यात उतरणाऱ्यांकडेही त्यांनी एकदा आशेनं पाहिलं, आणि मातीची चकती कुणाच्या हाती लागायची नाही हे कळून मान खाली घातली.

बयाबाई पायरीवर वाकल्या. गार पाणी माझ्या कडेला लागलं.

“मावशी, थांबा,” तात्या म्हणाले. “हा टाक नाही. ही जुगाराच्या अड्ड्यातली चकती आहे. मी एकोणीस वर्षं शोधतोय. चांदीचा टाक मी तुमच्यासाठी नाही आणला. ही माझ्या हाती यावी म्हणून आणला.”

कलाबाई ताडकन वळल्या. “काका, होळी कधीच झाली. आता कशाला शिमगा करताय?”

बयाबाईंनी लेकीला हातानं गप्प केलं आणि त्या ओल्या पायरीवरच बसल्या.  मग त्यांनी विचारलं, जुगारातली म्हणजे पैशाचीच ना? तात्या म्हणाले, हो, तिथल्या खिडकीवर दिली की रोख मिळायची. किती? तेव्हाचा खलाशाचा दोन महिन्यांचा पगार.

“कलाचे वडील म्हणाले होते, या बंदरातनं पैसे धाडतो,” बयाबाई म्हणाल्या. “आले नाहीत. लोक म्हणायचे, उडवले असतील कुठं तरी. मीबी तेच धरून बसले, भाऊ. रोज ह्याला फूल वाहिलं, अन् रोज मनात त्यांच्यावर रुसले. जवळ एवढं होतं, तर त्यांनी ते खिडकीवर का नाय दिलं?”

तात्यांना उत्तर ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तो दिवा, ते कपाळ, तो शब्द, सगळं माझ्यापाशी होतं. पण मातीच्या चकतीला वाचा कुठून असणार? बयाबाईंनी मला पदराला पुसलं. उलटं केलं. सुलटं केलं. स्वारावरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा अंगठा थांबला.

“त्यांना देव दिसला आसंल,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणून नाय दिलं. देव कोण मोडून खातंय?”

कीर्तनात एखाद्या क्षणी टाळ, मृदंग, गळा, सगळं एका समेवर येतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. तसा तो क्षण होता. समुद्रात गेलेला माणूस आणि घाटावर राहिलेली बाई, माझ्या एवढ्याशा तोंडाकडे बघत पन्नास वर्षांनी भेटली होती.

“त्यांना देव दिसला, मला वीर दिसला,” बयाबाई म्हणाल्या. “तुम्हाला काय दिसलं भाऊ?”

तात्यांनी डोळे पुसले. “मला नुसती दुर्मीळ वस्तू दिसली, मावशी.”

“मंग बसा जरा,” त्या म्हणाल्या, “अन् बघा.”

आणि तात्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. कलाबाईंनीही शेवटी पदर खोचून बैठक मारली. बयाबाईंनी मला तळहातावर धरलं होतं. तिघंही बघत होती. कुणी आकड्याची बाजू वर केली नाही.

मला गंगेत सोडलं नाही. आता स्नान चांदीच्या टाकाला असतं, धुळवडीला नाचायलाही तोच जाणार आहे. मी त्याच्या मागं मऊ कापडावर कोरडा बसतो. चिंच नाही, दूध नाही, हळदसुद्धा कापडाच्या कडेलाच. हे सगळं तात्यांनी शिकवलं, आणि हलणारा स्वार बयाबाईंच्या समोर बसूनच घट्ट केला. गुरुवारी ते येतात. परवा वत्सलाबाईही आल्या. हळदकुंकू झालं, आणि त्यांनी वाकून मला न्याहाळलं.

“हाच का तो ठोकळा?” त्यांनी विचारलं.

“हाच.”

“मग घरी कधी आणायचा?”

“घरीच आहे की तो,” तात्या म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. ती लखलखीत करण्याआधी, विकण्याआधी, पाण्यात सोडण्याआधी, ती कुणाच्या हातून आली ते एकदा विचारा. ती कशाची बनली आहे तेही विचारा, कारण मायेनं घातलेलं पाणीसुद्धा मातीला सोसत नाही. आणि कधी पंचवटीत आलात तर मला बघायला जरूर या. बयाबाई नाही म्हणणार नाहीत. फक्त हात कोरडे करून या.