तोंडातलं पाणी

हरतालिकेच्या दिवशी सासूने कुंतीला चोरून पाणी पिताना धरलं. १९६१ साल होतं. नवऱ्यासाठीचा निर्जळी उपास मोडला म्हणून देवकीबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला गणपतीच्या नैवेद्याला हात लावू दिला नाही.

"तोंड सुकतंय, आये. जीभ टाळ्याला चिकटते," कुंती सांगत राहिली.

"सगळ्यांचंच सुकतं. तुझेच नखरे."

नवरा इंद्रदेव बेटावरच्या क्युरपिप शहरात सरकारी कचेरीत कारकून होता. तो पेपर वाचत बसला.

वर्षभरात कुंतीला पाण्याशिवाय भात गिळवेना. शनिवारी देवळात ती मुलांना मराठी शिकवायची. दोन ओळी वाचल्या की आवाज चिरायचा. तिने वर्ग सोडला. पुढचे तीन दात हिरडीपाशी काळे पडून तुटले, तेव्हा कुठे इंद्रदेव तिला रोझ हिलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी तिच्या हातात रेघा आखलेली काचेची नळी दिली, वर छोटं नरसाळं. "मान खाली. गिळायचं नाही. येईल ती लाळ यात पडू द्या. पंधरा मिनिटं."

परक्या माणसासमोर लाळ गाळत बसायची कुंतीला शरम वाटली; पण गाळायला काही येईचना. वेळ संपली तेव्हा नळीच्या बुडाशी फेसाचा एक ठिपका होता. मग डॉक्टरांनी जिभेवर लिंबाचा रस टाकला. जीभ पोळली, लाळ सुटली नाही.

"निरोगी माणसाची एवढ्या वेळात इथवर भरते," डॉक्टरांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "यांच्या लाळेच्या ग्रंथी निकामी होत चालल्यात. औषध नाही. घोट घोट पाणी पीत राहायचं."

बसची वाट बघताना इंद्रदेव म्हणाला, "मला वाटलं, तू उगाच... चुकलं माझं."

"नळी बघून कळलं तुमाला," कुंती म्हणाली. "मी वरीसभर सांगत होते."

घरी त्याने आईला सगळं सांगितलं. "उपास मोडल्याचं फळ," एवढंच देवकीबाई म्हणाल्या. इंद्रदेव पहिल्यांदाच आईवर ओरडला. कुंती उठून आत गेली.

पुढे तिचे सगळे दात गेले. मग कानाखाली, त्याच लाळेच्या ग्रंथीत, गाठ आली, ती वाढत गेली. १९६४च्या थंडीत, चौतिसाव्या वर्षी, कुंती वारली. शेवटचे दोन महिने देवकीबाईच तिला चमच्याने पेज भरवत होत्या. माफी त्यांनी मागितली नाही. कुंतीनेही तिची वाट बघितली नाही.