इंचभर उतरती फळी

लेझर लेव्हलची लाल रेघ भिंतीवर आडवी पडली होती आणि हम्माद तिच्या डाव्या टोकाशी बरोबर एक इंच खाली पेन्सिलने खूण करत होता.

"पप्पा, टेढ़ा हो रहा है," इफरा दारातून म्हणाली. वय वर्षं दहा, पण चुका काढण्यात हॉटेलच्या मॅनेजरलाही मागे टाकेल.

"माहीत हाय मला. वाकडीच लावायचीय."

हे हम्मादने म्हणावं म्हणजे कमालच होती. मदिन्यातल्या एका हॉटेलात तो चोवीस वर्षं सुतार होता. तिथल्या खोल्याखोल्यांतून छताला किब्ल्याचा, नमाजाची दिशा दाखवणारा, बाण चिकटवायचं काम त्याचंच, आणि तोही लेझर लावल्याशिवाय तो चिकटवत नसे. जेवायला कुणाकडे गेला तरी भिंतीवरचं घड्याळ सरळ करून मगच बसायचा. फरहाना, त्याची बायको, यावरून त्याला चारचौघांत चिडवायची.

पण गेले चार दिवस घरात कुणी कुणाला चिडवलं नव्हतं. हम्मादची आई, नूरुन्निसा, नमाज पढत नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी व्हिसा मिळाला आणि तो तिला रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून इथे घेऊन आला. मदिना बघायची हे तिचं जन्माचं स्वप्न. ते पुरं झालं तेव्हा तिची आठवण मात्र विरत चालली होती. गावी किब्ला मावळतीला. सत्तर वर्षं ती तिकडेच तोंड करून उभी राहिलेली. मदिन्यात किब्ला दक्षिणेला, हे तिला सकाळी सांगितलं तर दुपारपर्यंत टिकत नव्हतं. असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाच्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की ती मुसल्ल्याची चटई उचलून तिकडे वळायची.

हम्मादने आधी जमिनीवर लेझरची रेघ पाडून पाहिली. "अम्मा, या रेघेकडे तोंड कर." तिला वाटलं, ही ओलांडायची नसते. ओढणी सावरून ती रेघेच्या अलीकडे राहिली आणि पुन्हा मावळतीकडे वळली. इफरा लगेच म्हणाली, "दादी, उधर नहीं." त्या दिवशी असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हातारीने मुसल्ला घडी करून उशाखाली ठेवला.

"मला आता जमत नाय," एवढंच म्हणाली.

मशिदीतल्या इमामसाहेबांनी समजावलं होतं, विसरणाऱ्याला माफी आहे. हम्मादलाही ते पटत होतं. पण आईची मान खाली गेली होती, ती त्याला बघवत नव्हती.

मग त्याला एकदम सुचलं. डोकं विसरलं तरी पाय विसरत नसतील. गावी ती खाटेवरून उतरायची ती सरळ फळीसमोर. फळीवर कुराण, तस्बीहची माळ, चष्मा. तिथेच मुसल्ला. तिने मावळत कधी शोधलीच नव्हती, ती फळीसमोर उभी राहायची.

त्याने धाकट्या भावाला, शाहिदला, फोन लावला. "टेप घे नि अम्माची फळी मोज. दोन्ही टोकं, जमिनीपासून."

"उजवं टोक चार फूट दोन इंच. डावं चार फूट एक," शाहिद हसायला लागला. "भाई, तू पयली लावलेली ना ही? इंचभर उतरलीय."

हम्मादला स्वतःच्या हातची ती फळी अशी आहे हे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. जुम्म्याची नमाज झाल्यावर त्याने खाट उत्तरेच्या भिंतीला सरकवली, पश्चिमेच्या खिडकीवर जाड पडदा लावला आणि दक्षिणेच्या भिंतीवर लेझर लावून फळी वाकडी बसवली. इतकी काटेकोर वाकडी फळी त्या शहरात दुसरी नसेल. फरहानाने तिच्यावर कुराण, तस्बीह, चष्मा ठेवला. इफराला दम भरला होता, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

असरची बांग झाली. नूरुन्निसा हातपाय धुऊन, वजू करून आली, खाटेवर टेकली. मग उठली. समोर फळी पाहून थांबली, मुसल्ला अंथरला आणि सरळ दक्षिणेकडे तोंड करून हात बांधले. कुणी काही सांगितलं नाही. हम्मादचे डोळे भरून आले. तो लेझरचा डबा आवरत कोपऱ्यात उगाच बसून राहिला.

शेवटचा सलाम फेरून नमाज संपल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी चेहरा निवांत होता.

"मिस्त्री, फळी सरळ करायला आलास काय?"

हम्मादने डब्याचं झाकण लावलं.

"नको हात लावूस तिला. माझ्या हम्मादनं लावलीन ती, सतरा वर्षांचा होता. जरा वाकडी हाय, असू दे. तो मदिन्याला असतो." तिने फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "यायचा हाय तो. आला की बघल त्याचं तो."

फरहानाने दारातच तोंडाला पदर लावला. हम्माद डबा उचलून उभा राहिला.

"बरं, खाला," आईला मावशी म्हणत तो बोलला. "नाय लावत हात."

"असाच जाऊ नको. चा घेऊन जा."

फरहानाने चहा आणला. हम्माद दाराशी, चपला काढतात तिथे, मिस्त्री बसतात तसा बसला आणि त्याने तो सगळा चहा प्यायला.